पाचव्या दिवसाचं पाणी

जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटं
आणि शेठनी वरून दिलेली दहा,
असा अर्धा तास होता आम्हाला
पैसा शिकायला.

टॉवेलचे गठ्ठे भिंतीला सारून
घडी खात्यात पडदा बांधला.
पडदा म्हणजे आमचीच चादर, दुय्यम मालातली,
एका कडेला ताणा सुटलेला.
त्या सुटलेल्या जागेवरून
चक्रवाढ व्याजाची रेघ वर चढत गेली.

मिहिर सर पुण्याहून आलेले.
नव्या शर्टावर दुकानातल्या घडीच्या रेघा,
मला आधी त्याच दिसल्या.
म्हणाले, पगारातले आधी बाजूला काढा,
मग उरलेले खर्च करा.
मागून मल्लिनाथ जॉबर म्हणाला,
उरलेले? ते कुठल्या खात्यात मिळतात, सर?
सगळे हसलो.
सरही हसले, जरा उशिरा.

मग विचारलं, आपत्कालीन निधी म्हणजे काय?
पंखा तेवढा बोलत होता.
नरसव्वा, जी हजेरीलाही नीट ओ देत नाही,
म्हणाली, पाणी.
काय?
"पाणी येतंय पाचव्या दिवशी. कधी सहाव्या.
बॅरल दोन आहेत माझ्याकडं. एक रोजचं.
दुसऱ्याचं झाकण पोरांना उघडू देत नाही.
पाहुणे आले तरी नाही.
तेच की तुमचं ते?"

सर थांबले.
म्हणाले, तेच.
पुढची सहा चित्रं त्यांनी
न वाचताच सरकवली.

शेवटी म्हणाले, फोन काढा.
पगाराच्या स्लिपवर बारा आकडी नंबर आहे बघा.
अकरा वर्षं बघितलाय मी तो,
गॅसचा असेल, विम्याचा असेल, असला तर असेल.
मेहरुन्निसानं शेजारून आकडे सांगितले,
मी एकेक दाबला.
माझं नाव आलं, बाळामणी, इंग्रजीत चुकलेलं.
खाली महिने.
जानेवारी. फेब्रुवारी. मार्च.
मार्चनंतर पांढरं.

वाटलं, रेंज नाही.
अंगठ्यानं ढकललं, पुन्हा ढकललं.
मेहरुन्निसाचंही मार्चनंतर पांढरं.
मल्लिनाथचंही.

एक धागा गेला तर टॉवेल बाजूला पडतो,
तो धागा मला चार हातांवरून दिसतो.
आठ महिने दिसले नाहीत.
कापलेले तर होते,
स्लिपवर, दर महिन्याला, ठळक छापून:
एक हजार दोनशे साठ.

मल्लिनाथ उभा राहिला.
"सर, मग हे कुठल्या खात्यात मिळतात?"
या वेळी कुणी हसलं नाही.

सरांनी मॅनेजरकडं पाहिलं,
मॅनेजरनं घड्याळाकडं.
चहा सांगितलाय, म्हणाला, आणि घाईघाईनं
स्वतःच चादर ओढून काढली.
मशीन बंद करायचं राहिलं.
व्याजाची रेघ त्याच्या शर्टावरून
खिशापर्यंत चढली.

भोंगा झाला. आम्ही घड्या घातल्या.
त्या दिवशी माझ्या हातून
एकही कोपरा वाकडा गेला नाही, का कोण जाणे.

रात्री अडीचला नळाला सूं सूं आवाज आला.
विडी घरकुलात सगळ्या दारांचे दिवे लागले.
रोजचं बॅरल भरलं. दुसरं भरलं.
दाराआड भिंतीवर मी खडूनं
पाणी आलेल्या तारखा मांडते,
न आलेल्या पण.
त्याखाली लिहिलं:
एप्रिल, मे, जून, जुलै,
ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर.
आठ गुणिले बाराशे साठ
बोटांवर होईना, म्हणून पाईप पोराच्या हातात दिला
आणि मांडून केलं.
दहा हजार ऐंशी.

भिंतीपलीकडून नरसव्वा.
"बाळामणी, झोपलीस?"
पाणी भरतेय की.
"सकाळी कोण कोण जायचं?"

उन्हाळ्यात नऊ दिवस पाणी नव्हतं
तेव्हा झोन ऑफिसात
आम्ही घागरी घेऊन बसलो होतो, रिकाम्या.
दुपारी टँकर आला होता.

सगळे, म्हटलं.
स्लिपा घेऊन ये. मार्चपासूनच्या.
आणि झाकण दाबून बसवलं.